मधोमध टेकलेला गुडघा

वॉलेस बेंड, नेब्रास्का
३ ऑगस्ट १९९८

प्रिय रोझ,

बसली आहेस ना? नसशील तर आधी बस.

काल चर्चनंतर आमच्या, म्हणजे कॉलेजच्या 'रेडे' संघाच्या चाहत्यांच्या, रेडेप्रेमी मंडळाची बैठक झाली आणि ठराव झाला, की ऑक्टोबरच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात कॉलेजच्या संघापुढे झेंडा घेऊन धावण्याचा मान यंदा तुझ्या व्हर्जिलला द्यायचा. एकमतानं, रोझ! आमच्या मंडळात कॉफी किती कडक असावी यावरसुद्धा आजवर एकमत झालेलं नाही.

एलरॉय अध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. आमच्या लग्नात दाटला नव्हता. म्हणाला, "मंडळी, ग्रँटली कॉलेजविरुद्धच्या त्या फुटबॉलच्या सामन्याला चाळीस वर्षं झाली. बर्फ पडत होतं. कॅप्टन व्हर्जिल स्ट्रान्स्कीच्या गळ्याखालचं हाड मोडलेलं, तीन बरगड्या गेलेल्या, नडगीला चीर. गडी मैदानाबाहेर गेला का? नाही गेला! शेवटचा पाव तास चेंडू बगलेत धरून धडका देत राहिला. आणि त्याआधी सगळे घोळक्यात उभे असताना तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं एकेकाच्या डोळ्यांत बघितलं. याला म्हणतात नेतृत्व!"

मागून म्हातारा गस ओरडला, "जबडा राहिला, एलरॉय! जबडा पण मोडला होता!" गस त्या सामन्यात खेळलेला, त्याचा शब्द कोण मोडणार? मी सेक्रेटरी, मी जबडाही लिहून घेतला.

मला तर शाळेतली तू आठवलीस. सिस्टर पर्पेचुआ जिन्यात सुद्धा आपल्याला बोलू द्यायची नाही, आणि तू खिडकीतून कॉलेजचं मैदान बघत माझ्या हातावर बोटानं "व्ही" लिहायचीस. बघ, तुझा "व्ही" आता नऊ हजार लोकांपुढे धावणार. धावायचं फार नाही. फाटकापासून मैदानाच्या मधोमध, बस.

त्याला काय काय खायला लागतं ते कळव. दोन दिवस आमच्याकडेच राहायचं.

तुझी,
बर्डी


ओमाहा
११ ऑगस्ट

लाडके बर्डी,

पत्र बसूनच वाचलं. व्हर्जिललाही वाचून दाखवलं. तो "हं" म्हणाला. तुम्ही त्या "हं"वर भाषण लिहाल म्हणून आधीच सांगते, त्याच्या तोंडात टोस्ट होता.

आता हाडांचं. अठ्ठावन्न सालचं वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. त्यात एकच हाड आहे, गळ्याखालचं. बरगड्या सामन्याच्या पंचविसाव्या वर्षीच्या जेवणात मोडल्या, नडगी तिसाव्या. हे असंच चाललं तर पन्नासाव्या वर्षी तो शेवटचा पाव तास मेलेला असताना खेळला असं ठरेल.

नेतृत्वाचं म्हणशील, तर पोस्टात पत्रं निवडायच्या खोलीत तो एकतीस वर्षं होता आणि त्याच्या हाताखाली एक टेबलपंखा होता. घरी पडदे कुठले लावायचे विचारलं तर तो गॅरेजमध्ये जातो. तक्रार नाही करत मी. असा माणूस घरात असला की घर शांत असतं.

आणि तुला एकटीला म्हणून सांगते, मनात ठेव. त्या सामन्यानंतर परतीच्या बसमध्ये तो डोक्यावर कोट ओढून घेऊन आईच्या नावानं रडत होता. पोरांना वाटलं झोपलाय. "मोडल्या हाडानं झोप लागते बघा गड्याला!" इथून तुमची सगळी कहाणी सुरू झाली. हे त्यानं मला लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं. बर्डी, खिडकीतून मी कॅप्टनला बघत होते खरी, पण संसार केला तो कोटाखालच्या पोराशी. मला तोच आवडतो.

एक विचारू? धावण्याऐवजी त्याला उघड्या मोटारीतून नेता येईल का? एकसष्ट वय आहे. हल्ली जिना चढताना सहाव्या पायरीवर थांबतो. तिथे भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे, तो बघतोय असं दाखवतो. आई जिवंत असताना त्यानं तिच्याकडे इतकं पाहिलं नव्हतं.

मोटारीचं बघ गं. माझ्यासाठी.

तुझी,
रोझ


वॉलेस बेंड
२० ऑगस्ट

प्रिय रोझ,

तुझं पत्र बैठकीत वाचलं. रडण्याचा भाग गाळला, काळजी करू नकोस. त्यानं लोकांचा उगाच गैरसमज झाला असता.

मोटारीचं वाचलं तेव्हा हशाच पिकला. एलरॉय म्हणाला, "बघा! मान मागत नाही, मोठेपणा मागत नाही, म्हणतो मला आपलं कोपऱ्यातून न्या!" उघडी मोटार म्हणजे कोपरा कसा हे मी विचारलं नाही. पण "हं" मात्र सगळ्यांना फार आवडलं. टोस्टसकट. आता मंडळात कोणी काही विचारलं की एकमेकांना "हं" म्हणतात आणि छाती पुढे काढतात.

आणि ती सहावी पायरी! कोच डर्कनं ते ऐकलं मात्र, ताडकन उठला. म्हणाला, "श्वास ताब्यात ठेवायचा व्यायाम आहे तो. जुन्या खेळाडूंना ठाऊक असायचा." दुसऱ्या दिवसापासून सगळा संघ स्टेडियमच्या पायऱ्या पळत चढतो आणि सहाव्या पायरीवर थांबून वर बघतो. पहिल्या दिवशी मागच्यांना थांबायचं ठाऊक नव्हतं, दोघांचे दात पडले. पण डर्क म्हणतो चिवटपणा असाच येतो.

तू हसशील, पण रोझ, मला एक सांगायचंय. ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान जावयाच्या हाती दिल्यापासून एलरॉय सकाळी उठून गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून खुर्ची टाकून बसायचा. दोन वर्षं. आता पहाटे शिट्टी वाजवत दाढी करतो. व्हर्जिल येणार म्हणून त्यानं पुढचं कुंपण रंगवलं. मला माझा नवरा परत मिळाल्यासारखा वाटतोय. म्हणून तुला म्हणते, त्याला धावू दे. पन्नास यार्ड तर आहेत.

आलुबुखारा भरलेले गोड पाव, आपल्या कोलाच्या, आवडतात ना अजून व्हर्जिलला?

बर्डी


ओमाहा
२ सप्टेंबर

बर्डी,

हे पत्र वाचून दाखवायचं नाही. बैठकीत नाही, स्वयंपाकघरात नाही, एलरॉयला तर मुळीच नाही, आधी तू दोनदा वाचेपर्यंत.

व्हर्जिलच्या छातीत दुखतं. जूनपासून. जिन्यावर तो श्वास ताब्यात ठेवत नाही, श्वास शोधत असतो. त्यानं मला शपथ घातली होती म्हणून मागच्या पत्रात आईच्या फोटोचं लिहिलं. सिस्टर पर्पेचुआ म्हणायची, की शपथ मोडणं पाप आहे. असेल. मी कबुली देईन.

गेल्या मंगळवारी त्याला चष्म्याचा नंबर काढायचाय असं खोटं सांगून डॉक्टर फिंकेलकडे नेलं. हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद आहेत. छाती उघडून ऑपरेशन करायला लागणार, आणि लवकर. डॉक्टर म्हणाले, तोवर घरातल्या घरात चालायचं, ओझं उचलायचं नाही, धावण्याचा तर प्रश्नच नाही.

व्हर्जिल म्हणाला, "ऑक्टोबरच्या मेळाव्यानंतर करू."

मोटारीत मी विचारलं, "का?"

"एलरॉयला काय सांगू?"

"सांग, की दुखतंय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला चर्चमध्ये पॅंट उतरवायला सांगितली. मग म्हणाला, "लोक लांबून येणार आहेत, रोझ."

तो स्वतः नाही म्हणणार नाही. चाळीस वर्षांत त्याला कोणी ते शिकवलेलंच नाही. तेव्हा नाही तुम्ही म्हणायचं. एलरॉयला हळूच सांग, पाऊस आलाय म्हण, झेंड्याला उंदीर लागलाय म्हण, काहीही म्हण, पण दुसऱ्या कुणाला तरी धावू दे. माझा माणूस जाईल, बर्डी.

रोझ


वॉलेस बेंड
१६ सप्टेंबर

प्रिय रोझ,

पत्र दोनदा वाचलं. चार दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं. मग एलरॉयला सांगितलं.

 मला वाटलं आता म्हणेल, रद्द करू. तर म्हणाला, "अठ्ठावन्न साली पण डॉक्टरनं नकोच म्हटलं होतं." आणि उठून कुंपणाला दुसरा हात द्यायला गेला.

मी ऐकून घेतलं नाही. मी रविवारी तुमच्याकडे फोन केला. तू दुकानात गेली होतीस. मी व्हर्जिललाच विचारलं, "खरं सांग, तुझ्यानं होईल का?" तो म्हणाला, "मी ठीक आहे, बर्डी." मी परत विचारलं. परत तेच. आता तूच सांग, माणूस स्वतः काय म्हणतो ते खरं धरायचं, की त्याची बायको काय म्हणते ते? बायका काळजी करतातच. मी एलरॉयला अजून लोकरी बनियन घालायला लावते.

तिकिटं सगळी गेली. बँडनं नवं गाणं बसवलंय. तपकिरी, म्हणजे आपल्या रेड्यांच्या रंगाचे, नऊ हजार रुमाल आलेत आणि त्यांवर व्हर्जिलचा जुना फोटो आहे. आता हे सगळं कुणाला परत न्या म्हणू?

पन्नास यार्ड, रोझ. वाटलं तर चालेल तो. मी एलरॉयकडून तेवढं कबूल करून घेतलंय. चालला तरी चालेल.

माझ्यावर रागावू नकोस.

बर्डी


वॉलेस बेंड
१२ ऑक्टोबर

रोझ,

हॉस्पिटलात फोनवर काही सांगत नाहीत. म्हणतात फक्त नातेवाइकांना सांगू. मी म्हटलं मी तुझी बहीण आहे, तर त्यांनी तुझ्या आईचं माहेरचं नाव विचारलं. मला ते ठाऊक होतं, रोझ, सांगितलंही, पण मला रडू फुटलं आणि त्या मुलीनं फोन ठेवला.

जिवंत आहे ना? एवढंच लिही. एक शब्द लिही.

मला वाटलं तो प्रार्थना करतोय. सगळ्यांनाच वाटलं.

बर्डी


ओमाहा
१९ ऑक्टोबर

बर्नाडीन,

जिवंत आहे.

आता बाकीचं ऐक, कारण तुम्ही सगळ्यांनी बघितलं आणि मला नाही वाटत कुणाला काही दिसलं.

फाटकातून तो झेंडा घेऊन निघाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत तुझ्याशेजारी होते. तो चालणार असं तू म्हणाली होतीस. पण बँड वाजायला लागला, लोक "व्हर्ज! व्हर्ज!" ओरडायला लागले, मागून साठ पोरं दणादणा पाय आपटत आली, आणि तो धावला. नऊ हजार माणसांपुढे कोण चालेल? मी त्याचे खांदे बघत होते. तिसाव्या यार्डाला डावा खांदा खाली आला. मधोमध पोचला, झेंड्याचा दांडा जमिनीत रोवला, आणि एका गुडघ्यावर बसला.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. खेळाडू पडला की बाकीचे एक गुडघा टेकतात, सामन्याआधीच्या प्रार्थनेलाही टेकतात. कॅप्टननं टेकला म्हटल्यावर साठ पोरांनी टेकला. बँड थांबला. मग पहिली रांग, मग दुसरी, बघता बघता सगळं स्टेडियम गुडघ्यावर. आणि वरून भोंग्यातून तुझ्या नवऱ्याचा आवाज, "मंडळी, आपला कॅप्टन आपल्याला प्रार्थनेला घेऊन चाललाय. आपणही जाऊ." त्या दिवशी वाऱ्यानं रुमाल फडफडत होते तेवढाच आवाज. नऊ हजार माणसं मरणाऱ्या माणसाभोवती इतकी सुंदर गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मी उभी राहून ओरडले, "त्याला मदत करा!" पुढचा एक माणूस डोळे मिटूनच म्हणाला, "बाई, प्रार्थना चाललीय." मागून कुणीतरी म्हणालं, "ग्रँटलीची असेल." आणि तू माझा स्कर्ट ओढलास. "श्श, रोझ," म्हणालीस. "श्श." आपण दोघी जिन्यात बोललो की सिस्टर करायची, अगदी तस्संच.

मी कठड्यावरून चढून गेले. सत्तावन्नाव्या वर्षी, चांगल्या बुटांत, सगळ्यांना माझा परकर दिसत असताना. खाली दोन गार्डांनी मला धरलं. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मावशी, या क्षणाचा मान ठेवा."

त्याला वाचवलं ग्रँटलीच्या मुलीनं. त्यांच्या संघाबरोबर पट्ट्या बांधायला आलेली, पंचवीस वर्षांची असेल. तिला व्हर्जिल स्ट्रान्स्की कोण हे ठाऊक नव्हतं. म्हणून तिला एक राखाडी पडलेला म्हातारा दिसला. ती पेटी घेऊन धावली आणि तुमच्या नऊ हजारांनी गुडघ्यावर बसल्या बसल्या तिची हुर्यो केली. तिनं त्याचा शर्ट फाडला तेव्हा कुठे हुर्यो थांबली.

आता इथलं. ऑपरेशन बुधवारी व्हायचं होतं, झालं नाही. तुमचं मंडळ बस करून इथे येतं आणि खाली मोटारींच्या जागेत उभं राहतं. चार वाजता सगळे एक गुडघा टेकतात. व्हर्जिल पलंगावरून उठतो, हाताला नळ्या लावलेल्या, खिडकीशी जातो आणि हात करतो. परवा परत येताना खाली बसला. डॉक्टर फिंकेल म्हणतात, असं चाललं तर मी सुरी लावणार नाही. मी पडदा लावला. त्यानं उघडला. म्हणाला, "लांबून येतात, रोझ."

आणि त्याला ऑपरेशनच आता नकोय. म्हणतो, चालत बाहेर जातो, एकदा सगळ्यांना भेटतो, मग बघू. चालत बाहेर गेला तर जिन्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही.

मला तुझी माफी नको. कोलाच्या पण नकोत, दोन डबे परिचारिकांना वाटले. तुझ्या नवऱ्याला आणि त्या बसला इथून ने.

रोझाली


ओमाहा, हॉस्पिटल
२४ ऑक्टोबर

एलरॉय,

परवा रोझनं मला ग्रँटलीच्या त्या मुलीशी फोनवर बोलायला लावलं. मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "तुम्ही किती वेळ माझ्याकडे बघत होतात! मी त्या वेळीच निघायला हवं होतं, पण सगळे गुडघ्यावर होते म्हणून मला वाटलं तुमच्याकडची रीत असेल." तेव्हापासून माझ्या डोक्यात चाललंय. म्हणून लिहितो. मंडळात वाचून दाखव. रोझनं सांगितलं म्हणून लिहीत नाही. तिनं फक्त पेन दिलं.

मी प्रार्थना करत नव्हतो. छातीवर कोणीतरी बसलं होतं. झेंडा मी धरला नव्हता, झेंड्यानं मला धरलं होतं.

मी लोकांकडे बघत होतो ते कुणाला कळतंय का म्हणून.

अठ्ठावन्न साली पण तेच. तेव्हाचा कोच म्हणाला होता, जो बाहेर जाईल तो चालत घरी येईल. साठ मैल होते, बर्फ होतं. हात वर होत नव्हता. घोळक्यात मी एकेकाच्या डोळ्यांत बघितलं ते कुणीतरी कोचला सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. मग मी खेळलो.

एकच हाड होतं. जबडा नव्हता.

आता डॉक्टर छाती उघडणार आहेत. मला भीती वाटते. तुम्ही खाली उभे राहिलात की मला उठावं लागतं, आणि उठलं की फार दुखतं. तेव्हा येऊ नका.

कुंपण छान रंगवलं होतंस.

व्हर्जिल स्ट्रान्स्की


वॉलेस बेंड
१ नोव्हेंबर

प्रिय रोझ,

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त वाच.

व्हर्जिलचं पत्र मंगळवारी मंडळात वाचलं. एलरॉयच्यानं वाचवेना, दुसऱ्या ओळीलाच थांबला, म्हणून मी वाचलं. एक शब्द गाळला नाही, रोझ, या वेळी एकही नाही.

वाचून झालं आणि काय झालं असेल सांग. सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या! कोच डर्क म्हणाला, "इतकं खरं बोलायला केवढं धैर्य लागतं! चिवट, शेवटपर्यंत चिवट!" तो म्हणे "झेंड्यानं मला धरलं होतं" हे वाक्य पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत पितळेच्या पाटीवर लावणार. कुणी म्हणालं, "भीती वाटते असं म्हणायला खरा मर्द लागतो." कुणी म्हणालं, गुडघा टेकलेला पुतळाच उभारू, कॉलेजच्या दारात. ठरावही मांडला. एकाला पाठिंबा द्यायची एवढी घाई झाली, की त्याची खुर्ची पडली.

गस तेवढा उठला नाही. टाळ्या थांबल्यावर लोकांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल. डर्कनं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "गस, पुतळा! कॅप्टनचा!"

गस म्हणाला, "माझ्याकडेच बघितलं होतं त्यानं."

"बघितलंच होतं! म्हणून तर जिंकलो!"

"मला कळलं होतं," गस म्हणाला. "हात लोंबत होता त्याचा. त्याला काय हवंय ते मला कळलं होतं. मला पण साठ मैल चालायचं नव्हतं. मी खाली बुटांकडे बघितलं."

 ठरावावर मत घ्यायचं राहिलं. कॉफी गार झाली, आणि पहिल्यांदाच कुणी तिला नावं ठेवली नाहीत. गस टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बस ठरल्याप्रमाणे निघाली, कारण बसमधल्या बऱ्याच जणांनी पत्र ऐकलं नव्हतं. एलरॉय मोटार घेऊन तिच्या आधी पोचला. मी बरोबर होते. त्यानं त्या जागेत हात पसरून उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "घरी जा." एकानं विचारलं, "व्हर्जिलनं सांगितलंय?" एलरॉय म्हणाला, "हो." झालं. सगळे मुकाट्यानं बसमध्ये चढले. चढता चढता म्हणत होते, "बघा, आजारी असून अजून हुकूम चालतो त्याचा!" मी समजवायला गेले, तर एलरॉयनं मला हातानं थांबवलं. म्हणाला, "असू दे, बर्डी. जातायत ना?"

तुझी खिडकी आम्ही खालून पाहिली. पडदा लावलेला होता. वर यायचा धीर झाला नाही.

परतताना एलरॉयनं मोटार माझ्याकडे दिली. तो कधी देत नाही. म्हणाला, डाव्या डोळ्यानं वसंतापासून काही दिसत नाही. म्हणजे रोझ, गेले सहा महिने हा माणूस अर्धा रस्ता बघून मला चर्चला नेत होता! मी भडकले. म्हटलं, "बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "व्हर्जिल काय म्हणेल असं वाटलं." सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय.

मी "श्श" म्हणाले, रोझ. माझ्या तोंडातून आलं ते. रोज सकाळी भांडी घासताना मला ते ऐकू येतं. तू कठड्यावर चढत होतीस आणि मला तुझ्या परकराची लाज वाटली, तुझ्या माणसाचं काही वाटलं नाही. याला मी कुठलंही कारण देत नाही. कारण नाहीच.

बर्डी


ओमाहा
८ नोव्हेंबर

बर्डी,

बुधवारी ऑपरेशन झालं. साडेपाच तास लागले. खाली मोटारींच्या जागेत फक्त मोटारी होत्या.

तीन दिवस त्याच्या घशात नळी होती, त्यामुळे बोलणं नव्हतं. काल काढली. डॉक्टर फिंकेल आले, आम्हा दोघांच्या पाठीवर थाप मारून गेले. दुपारी एक नवी नर्स आली, फिलोमिना नावाची, वॉलेस बेंड कुठे आहे हेसुद्धा तिला ठाऊक नाही. तिनं त्याच्या उशा नीट केल्या आणि कागदावर लिहायला पेन उघडलं.

"शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही," ती म्हणाली. "किती दुखतंय, सांगा बघू."

मला वाटलं आता "मी ठीक आहे" म्हणेल. ओठ तसे हललेही. मग त्यानं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तरी मी उठून दार लावून घेतलं.

"नऊ," तो म्हणाला.

नर्सनं लिहिलं. तो तिच्या पेनाकडे बघत होता. थोड्या वेळानं घसा खाकरून, पोस्टाच्या खिडकीशी एखादा माणूस जादा तिकीट मागतो तसं, हळूच म्हणाला, "साडेनऊ लिहिलं तर चालेल?"

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. "तुमचंच दुखणं आहे, आजोबा."

रविवारी ये. एलरॉयलाही आण, मोटार तू चालव.

रोझ